संगणकाच्या पडद्याची केबल : दोष आणि दुरुस्ती

शाळेच्या संगणक-कक्षातील एखादा पडदा एके दिवशी अकस्मात पिवळा पडतो. काल शुभ्र दिसणारे पान आज हळदीने माखल्यासारखे दिसते आणि आकाशाच्या चित्रातील निळाई नाहीशी होते. अक्षरे मात्र पूर्वीइतकीच सुवाच्य असतात. कोणी पडद्याला थाप मारून पाहतो, कोणी मागची केबल हलवून पाहतो. क्षणभर मूळ रंग परत येतो आणि पुन्हा जातो. एवढ्यावरून पुष्कळदा असा निर्णय दिला जातो की मॉनिटर निकामी झाला, आणि तो कपाटावर जाऊन बसतो. वास्तविक तो मॉनिटर बहुधा पूर्णपणे निर्दोष असतो. दोष असतो तो तांब्याच्या एका अत्यंत बारीक तारेत. आणि ती तार नेमकी कोणती, हे पडद्याने स्वतःच सांगितलेले असते. ते वाचता मात्र आले पाहिजे.

येथे ज्या जोडणीचा प्रामुख्याने विचार करावयाचा आहे ती ‘व्हीजीए’ या नावाने ओळखली जाते. आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने १९८७ साली आपल्या नव्या संगणकांबरोबर ती प्रचारात आणली. इंटेल, ए.एम.डी. इत्यादी कंपन्यांनी डिसेंबर २०१० मध्ये असे जाहीर केले की २०१५ पर्यंत ही पद्धती आपण सोडून देऊ; आणि नव्या संगणकांवरून ती खरोखरच मागे पडत गेली. परंतु शाळा, ग्रंथालये व कचेऱ्या यांतील यंत्रे कंपन्यांच्या घोषणांबरोबर बदलत नाहीत. भारतात केंद्र शासनाने डिसेंबर २००४ मध्ये शाळांसाठी संगणक-शिक्षणाची योजना सुरू केली. त्या सुमारास वर्गांत आलेले बहुतेक मॉनिटर याच जोडणीचे होते, आणि भिंतीवर चित्र टाकणारे अनेक प्रोजेक्टर अद्यापही तिच्यावर चालतात. दुसरेही एक कारण आहे. संगणकाच्या निरनिराळ्या केबलींपैकी साध्या हत्यारांनी खात्रीपूर्वक दुरुस्त होण्यासारखी केबल हीच होय.

पडदा काय सांगतो

या केबलीच्या टोकाशी असलेल्या प्लगमध्ये पंधरा पिनांसाठी जागा असते. पाच-पाच पिनांच्या तीन रांगा एकीखाली एक मांडलेल्या असतात. पहिली पिन तांबड्या रंगाचा संकेत वाहून नेते, दुसरी हिरव्याचा आणि तिसरी निळ्याचा. संकेत म्हणजे केवळ एक लहानसा विद्युद्दाब. पडद्यावरील एखाद्या ठिपक्यात तांबडा रंग मुळीच नको असेल तर पहिल्या तारेवरील दाब शून्य असतो; तो पूर्ण तेजाने हवा असेल तर ०.७ व्होल्ट असतो. आणि मधल्या सर्व छटा या दोहोंच्या दरम्यानच्या दाबांनी दाखविल्या जातात. प्रत्येक रंगाच्या प्रवाहाला परतीची वाटही लागते. ती अनुक्रमे सहाव्या, सातव्या व आठव्या पिनेवरून मिळते.

पिवळ्या पडद्याचे कोडे येथेच सुटते. रंगपेटीतील रंगांच्या मिश्रणाचे नियम प्रकाशाला लागू पडत नाहीत. तांबडा, हिरवा व निळा हे तीन प्रकाश सारख्या प्रमाणात एकत्र आले की पांढरा प्रकाश होतो. त्यांतून निळा वजा झाला तर तांबडा व हिरवा उरतात, आणि या दोहोंचे मिश्रण डोळ्याला पिवळे दिसते. म्हणून पांढरे पान पिवळे दिसू लागले की तिसऱ्या पिनेची वाट तुटली असे समजावे. हिरवा वजा झाला तर पांढऱ्याच्या जागी जांभळट गुलाबी रंग येतो. तेव्हा दोष दुसऱ्या पिनेकडे शोधावा. तांबडा गेला तर सारा पडदा समुद्राच्या उथळ पाण्यासारखा हिरवट निळा होतो. वर्गात प्रकाशाचे मिश्रण शिकविण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण सहसा हाती लागत नाही, आणि तेही फुकट.

याहून फसवा प्रकार तेराव्या व चौदाव्या पिनांचा. पडद्यावरील चित्र एकदम उमटत नसते. ते ओळीमागून ओळ असे रेखले जाते. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या मूळ व्हीजीए चित्रात सेकंदाला सुमारे ३१,५०० ओळी आणि जवळजवळ ६० पूर्ण चित्रे पाठविली जातात. नवी ओळ केव्हा सुरू करावयाची याचा इशारा तेराव्या पिनेवरून येतो आणि नवे चित्र केव्हा सुरू करावयाचे याचा चौदाव्या पिनेवरून. यांपैकी एक तार तुटली तर चित्र विस्कटेल अशी अपेक्षा साहजिकच आहे. प्रत्यक्षात बहुधा पडदा काळा होतो व वीज वाचविण्यासाठी झोपी गेल्याचे दर्शविणारा दिवा लागतो. याचे कारण मोठे मौजेचे आहे. मॉनिटरने केव्हा विश्रांती घ्यावी हे कळविण्यासाठी १९९३ साली एक मानक ठरविण्यात आले, आणि त्यासाठी नवी तार न घालता याच दोन इशाऱ्यांचा उपयोग केला गेला : इशारा बंद झाला की मॉनिटरने झोपावे. साहजिकच, तुटलेली तार आणि झोपी गेलेला संगणक यांतील भेद मॉनिटरला कळत नाही. तो आज्ञाधारकपणे झोपतो, आणि मालक मात्र तो मेला असे समजतो.

तिसरा प्रकार बाराव्या व पंधराव्या पिनांचा. या दोन तारांवरून मॉनिटर स्वतःची ओळख संगणकाला देतो. आपण कोणत्या कंपनीचे, किती ठिपके दाखवू शकतो, सेकंदाला किती चित्रे पेलू शकतो इत्यादी माहिती मुळात १२८ बाइटांच्या एका लहानशा टिपणात साठविलेली असते. या तारा तुटल्या तर रंग बिघडत नाहीत आणि चित्रही जात नाही. केवळ संगणकाला मॉनिटर अनोळखी वाटू लागतो. तो मोठी, ढोबळ अक्षरे दाखवितो आणि पडद्याच्या खऱ्या क्षमतेचा पर्यायच यादीत येत नाही. अशा वेळी संगणकातील प्रणाली पुन्हा पुन्हा नव्याने घालण्यात अनेकांचे दिवस वाया गेले आहेत.

सर्वच दोष तुटलेल्या तारेमुळे होतात असे मात्र नाही. सपाट पडद्याच्या मॉनिटरवर अक्षरे अंधुक दिसू लागली किंवा चित्र एका बाजूला सरकले, तर प्रथम मॉनिटरवरील आपोआप जुळणी करणारे बटन दाबून पाहावे.

तार कोठे तुटते

केबल आडवी कापून पाहिली तर तिची रचना ध्यानात येते. बाहेर प्लॅस्टिकचे जाड आवरण असते. त्याच्या आत तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी आणि बहुधा ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख असतो. बाहेरील विद्युत्-गोंगाट आत येऊ नये व आतील बाहेर जाऊ नये हे या दोहोंचे काम. त्याच्या आत तांबड्या, हिरव्या व निळ्या आवरणाच्या तीन सहाक्ष तारा असतात. सहाक्ष म्हणजे मधोमध एक तार, तिच्याभोवती निरोधक द्रव्याचा थर आणि त्याभोवती पुन्हा तांब्याची बारीक जाळी, अशी एकाच अक्षाभोवती असलेली मांडणी. यांच्या जोडीला काही साध्या बारीक तारा असतात. केबलीच्या टोकाजवळ दिसणारा जाड, टणक गठ्ठा हा फेराइट नावाच्या चुंबकीय द्रव्याचा पोकळ लंबगोल होय. तो केबलीतून होणारे नको असलेले उच्च कंपनांचे उत्सर्जन दाबून टाकतो. तो सूज नव्हे व दोषही नव्हे. त्याला कापून टाकू नये.

केबल मध्यभागी क्वचितच तुटते. ती तुटते प्लगच्या मागे, पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरांत. लवचीक केबल जेथे टणक प्लगला मिळते तेथे सारे वाकणे एकाच जागी एकवटते. लोखंडी तार एकाच ठिकाणी वारंवार वाकविली की तुटते, हा अनुभव प्रत्येक मुलाला असतो. तांब्याचेही तसेच होते, आणि धातूच्या या थकव्याला फार मोठे बळ लागत नाही. टेबल रोज भिंतीकडे ढकलले जाणे एवढे कारण पुरते. बाहेरील आवरण रबरासारखे असल्याने ते अभंग राहते, व आतील भंग डोळ्यांना दिसत नाही. तुटलेली टोके कधी एकमेकांना टेकतात, कधी सुटतात. पडद्याचे येणेजाणे ते यामुळेच.

दुसरे दुर्बळ स्थान म्हणजे पिना. प्लग उलटा किंवा तिरपा दाबला की एखादी पिन वाकून आडवी होते. अशी पिन पक्कडीने ओढू नये. पिनेहून किंचित मोठ्या पोकळीची बारीक धातूची नळी तिच्यावर चढवून हलकेच सरळ करावी. एकदा वाकलेली पिन बहुधा सरळ होते. तीच पिन दोनतीनदा वाकविली तर तुटून हातात येते. येथे एक इशारा आवश्यक आहे. प्लगमध्ये एखाद्या पिनेची जागा रिकामी दिसली म्हणून ती पिन तुटली असे लगेच मानू नये. नववी पिन अनेक केबलींत मुळातच नसते. चौथी व अकरावीही काहींत नसतात. या एका गैरसमजापायी अनेक चांगल्या केबली फेकल्या जातात.

परीक्षा

सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे अदलाबदल. शेजारच्या संगणकाची केबल काढून येथे लावावी. चित्र सुधारले तर दोष केबलीत. न सुधारले तर मॉनिटरात अथवा संगणकात. केबल काढण्यापूर्वी व लावण्यापूर्वी दोन्ही यंत्रे बंद करावीत, आणि प्लगच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू पुरते आवळले आहेत की नाही हेही पाहावे. ढिले स्क्रू हा दोष इतका साधा आहे की तो तपासण्याचे सहसा कोणाला सुचत नाही.

केबल दोन्ही टोकांनी सुटणारी असेल तर मल्टिमीटर अखंडतेच्या, म्हणजे शिटी वाजविणाऱ्या, खुणेवर ठेवून एका टोकाची पहिली पिन व दुसऱ्या टोकाची पहिली पिन, याप्रमाणे क्रमाने सर्व पिना तपासाव्यात. तपासताना केबल प्लगजवळ हळूहळू वाकवीत राहावी. अधूनमधून तुटणारी शिटी हेच दोषाचे चिन्ह. पाच, सहा, सात, आठ व दहा या पिना अनेक केबलींत आतून एकत्र जोडलेल्या असतात. त्यांच्यामध्ये शिटी वाजली तर गोंधळून जाऊ नये.

केबल मॉनिटरातूनच निघालेली व न सुटणारी असेल तर दुसरे टोक हाती लागत नाही. तेव्हा एक सुरेख युक्ती उपयोगी पडते. मॉनिटरच्या आत प्रत्येक रंगाच्या तारेच्या शेवटी ७५ ओहमचा रोध बसविलेला असतो. मॉनिटरची वीज भिंतीपासून तोडून, संगणकाकडील प्लगवर पहिली व सहावी, दुसरी व सातवी, तिसरी व आठवी अशा जोड्यांतील रोध मोजावा. तीनही ठिकाणी सुमारे ७५ ओहम आले तर रंगांच्या वाटा शाबूत आहेत. एका जोडीत मीटर अनंत रोध दाखवीत असेल तर तीच तुटलेली वाट.

परंतु मॉनिटरचे पेटीसारखे आवरण कोणत्याही कारणाने उघडू नये. जुन्या, काचेच्या नळीच्या रंगीत मॉनिटरात सुमारे २५,००० व्होल्टांचा दाब असतो व वीज काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. दिव्याच्या नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या सपाट मॉनिटरांतही शेकडो व्होल्ट खेळत असतात. केबलीतील दाब मात्र पाच व्होल्टांच्या वर जात नाही. शाळेतील दुरुस्तीची मर्यादा तेथेच आखली पाहिजे.

नवा प्लग

साच्यात ओतलेला मूळ प्लग उघडता येत नाही. तो, त्यामागील पाचसहा सेंटीमीटर केबलीसह, कापून टाकावा लागतो, व त्या जागी सुटा, डाख देऊन बसविण्याचा पंधरा पिनांचा प्लग व त्याचे आवरण लावावे लागते. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत तो मिळतो. बाहेरील आवरण सुमारे तीन सेंटीमीटर सोलावे. जाळी कापून न टाकता मागे वळवून तिचा पीळ करावा. आतील तारांचे रंग पाहून त्या कोठे लावावयाच्या हे ठरविण्याचा मोह होतो. तीन सहाक्ष तारांच्या बाबतीत तो मोह सहसा घातक ठरत नाही, परंतु बाकीच्या बारीक तारांना प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने रंग देतो. म्हणून दुसऱ्या टोकाच्या पिनेवर मीटरची एक सळई ठेवून, कोणती तार शिटी वाजविते हे पाहून, कागदावर कोष्टक लिहून घ्यावे. हे कोष्टक म्हणजे अर्धी दुरुस्ती होय.

दुसरी हमखास होणारी चूक क्रमांकांची. प्लगची रुंद बाजू वर धरून पिनांकडून पाहिले असता पहिली पिन वरच्या रांगेत डावीकडे असते. डाख द्यावयाच्या मागील बाजूने पाहिले असता तीच उजवीकडे येते, आरशातील प्रतिमेप्रमाणे. प्लॅस्टिकवर बारीक अंक कोरलेले असतात. भिंग घेऊन तेच वाचावेत.

डाख, ज्याला बाजारात सोल्डर म्हणतात, तो पूर्वापार कथील व शिसे यांचा असे. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. शिशाचे विषारीपण लक्षात घेऊन आता शिसेविरहित डाखही वापरला जातो. त्यास २१७ ते २२७ अंश लागतात. आत राळ भरलेली डाखाची तार घ्यावी. पत्र्याच्या कामातील आम्ल वापरू नये, कारण ते तांब्याला मागाहून खात राहते. पंचवीस वॉटचे बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न पुरेसे होते. प्रत्येक तारेत उष्णतेने आवळणारी बारीक नळी आधीच ओवून ठेवावी. ती सांध्यानंतर घालता येत नाही, हे प्रत्येक शिकाऊ कारागीर एकदा तरी विसरतो. तारेच्या टोकास व पिनेमागील लहानशा वाटीस स्वतंत्रपणे डाख लावून घ्यावा, मग वाटी तापवून तार आत बसवावी आणि डाख थिजेपर्यंत हात स्थिर ठेवावा. सारे काम दोन-तीन सेकंदांत आटोपले पाहिजे. सहाक्ष तारेतील निरोधक थर उष्णतेने लवकर मऊ होतो. तो वितळला तर मधली तार जाळीला टेकते आणि एका दोषाच्या जागी दुसरा निर्माण होतो.

तीन सहाक्ष तारांच्या जाळ्या सहा, सात व आठ या पिनांना लावाव्यात आणि त्यांचा पीळ शक्य तितका आखूड ठेवावा. बाहेरील मोठी जाळी प्लगच्या धातूच्या कडेला जोडावी. आवरणातील पकडपट्टी केबलीच्या जाड सालीवर घट्ट बसवावी, म्हणजे ओढ सालीवर येईल, डाखावर येणार नाही. शेवटी मीटरने शेजारशेजारच्या पिना एकमेकींना टेकत नाहीत ना हे पाहावे; विशेषतः नववी व दहावी, कारण नवव्या पिनेवर पाच व्होल्टांचा पुरवठा असू शकतो. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, खिडक्या उघड्या ठेवून करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

एक सेंटीमीटरचा प्रश्न

सांध्यापाशी सेंटीमीटरभर तार जाळीबाहेर उघडी राहते. तिने काही बिघडत नाही काय? या प्रश्नाच्या उत्तरावरच कोणती केबल दुरुस्त होईल व कोणती होणार नाही हे अवलंबून आहे.

केबलीतून विद्युत्-संकेत प्रकाशाच्या सुमारे दोनतृतीयांश वेगाने, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागात वीस सेंटीमीटर, धावतो. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या चित्रात, सेकंदाला ६० चित्रे धरली असता, एका ठिपक्याच्या वाट्याला अशा सुमारे पंधरा अब्जांशांचा काळ येतो. तेवढ्या वेळात संकेत तीन मीटर पुढे जातो. म्हणजे केबलीत एकेक ठिपका तीन मीटर लांबीचा असतो असे म्हणावयास हरकत नाही. सहाक्ष तारेची जाडी व थर असे निवडलेले असतात की धावत्या संकेतास ती सर्वत्र ७५ ओहमांसारखी भासावी. जेथे हा आकडा बदलतो तेथून संकेताचा काही अंश मागे परततो, विहिरीच्या भिंतीवरून आवाज परतावा तसा. मॉनिटरातील ७५ ओहमचा रोध असतो तो हा प्रतिध्वनी उठू नये म्हणून. तो जुळला नाही, तर दहा मीटर केबलीच्या प्रोजेक्टरवर प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे सहासात ठिपक्यांवर एक फिकट छाया दिसू लागते; कारण परतलेला अंश वीस मीटरांचा जादा फेरा करून उशिरा पोहोचतो. परंतु तीन मीटरांच्या तुलनेत एक सेंटीमीटर नगण्य होय. म्हणूनच व्हीजीएचा हाताने दिलेला सांधा चांगला चालतो.

२००२ च्या अखेरीस आलेल्या एचडीएमआय या एकोणीस पिनांच्या जोडणीची गोष्ट निराळी आहे. तीत रंगाचा दाब न पाठविता आकडे पाठवितात, आणि तेही एकमेकींस पीळ घातलेल्या तारांच्या जोड्यांवरून. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या नेहमीच्या चित्रासाठी प्रत्येक जोडीवरून सेकंदाला जवळजवळ दीड अब्ज खुणा धावतात. एक खूण केबलीत तेरा सेंटीमीटर लांबीची होते. त्याहून चौपट ठिपक्यांच्या चित्रात, तितक्याच वेगाने पाठविल्यास, ती साडेतीन सेंटीमीटरांहूनही आखूड होते. तेथे एक सेंटीमीटर उलगडलेला पीळ म्हणजे खुणेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. शिवाय तेथे रंग हळूहळू फिका पडत नाही : आधी चकाकणारे ठिपके, मग क्षणोक्षणी काळा होणारा पडदा, आणि नंतर काहीच नाही. जोडी तुटली की बहुधा संपूर्ण चित्रच जाते, त्यामुळे रंगावरून निदानही करता येत नाही. अशी केबल बदलावी हेच शहाणपणाचे. दुरुस्तीचे हात संगणकाच्या खाचेतील कचरा काढण्यापुरते व ढिली खाच जाणकाराकडून पुन्हा डाखून घेण्यापुरते राखावेत.

बदललेली केबल मात्र भंगारात टाकताना विचार करावा लागतो. तांबे लवकर मोकळे व्हावे म्हणून भंगारातील केबली उघड्यावर जाळण्याचा प्रकार देशात अनेक ठिकाणी होत आला आहे. केबलीचे आवरण पुष्कळदा पीव्हीसीचे असते; ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू व डायॉक्सिन गटातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात, आणि ती प्रथम जाते ती जाळणाऱ्याच्या श्वासात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे गेला पाहिजे. शाळेने केबली, कापलेले जुने प्लग व डाखाचे तुकडे एका डब्यात साठवून ठेवावेत आणि डबा भरला की एकदमच तिकडे पाठवावा.